रोइंग मशीन आणि हाताचे फोड: आधी फोड कुठे आलाय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या जिममधल्या रोइंग मशीनवर महिनाभर रोज अर्धा तास बसताय, दोन्ही हातांना फोड आलेत, उजव्या हाताचा एक फुटलाय, आणि पुढच्या महिन्यात जिममध्येच 2000 मीटरची स्पर्धा असल्यामुळे थांबायची इच्छा नाही. त्यावर आतापर्यंत तीन सल्ले आलेत. जाड ग्लोव्ह्ज घ्या, तुरटी लावा, आणि काहीच करू नका, घट्टे पडले की आपोआप थांबेल. तिसरा सल्ला देणाऱ्यांनी 'खऱ्या रोअरचे हात असेच असतात' अशी पुस्तीही जोडली आहे.

मी त्या पुस्तीपासूनच सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. पाण्यावर रोइंग करताना वल्ह्याचं पातं दर स्ट्रोकला, म्हणजे एकेका ओढीला, पाण्याबाहेर आलं की आडवं करायचं असतं आणि पुन्हा पाण्यात घालायच्या आधी उभं. म्हणजे वल्ह्याचा दांडा हातातल्या हातात फिरतो, तोही ओल्या हातात, आणि बोट डुलत असताना. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर आम्ही मुळा नदीत वल्ही मारायचो तेव्हा सीझनच्या सुरुवातीला ज्याच्या हाताला फोड नाही असा एकही पोरगा नसायचा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, तेरावा आला आणि 2018 च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्ण घेऊन आला. त्या पातळीवर रोज तासन्‌तास पाण्यात घालवणाऱ्याच्या तळहाताची गोष्ट वेगळी.

मशीनच्या हँडलला मात्र फिरवणं नाहीच. सरळ पुढे, सरळ मागे, बस. त्यामुळे अर्ध्या तासाच्या व्यायामात फोड येत असतील तर हँडल तुमच्या मुठीत सरकतंय एवढाच त्याचा अर्थ. ते का सरकतंय हे शोधायचं सोडून वरून कातडी जाड करत बसण्यात काही हशील नाही.

फोड नुसत्या घासण्याने येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कातडीचा वरचा थर हँडलला चिकटून राहतो, आतलं हाड आणि मांस पुढे-मागे होतं, आणि मधल्या थरांची ओढाताण होऊन तिथे फट पडते. त्या फटीत जे पाणी साचतं तो फोड. तळहाताची कातडी जाड आणि खालच्या भागाला घट्ट बांधलेली असते, म्हणून ही ओढाताण तिथे जास्त जाणवते. आता हिशोब करा. मिनिटाला 22 स्ट्रोक म्हणजे अगदी निवांत गती. अर्ध्या तासात झाले 660. हँडल दर वेळी केसभर जरी सरकलं तरी एकाच जागी 660 वेळा ताण बसला. त्यात घाम. पूर्ण कोरडी कातडी बऱ्यापैकी घसरते, पाण्याने निथळणारीही घसरते, पण घामाने दमट झालेली कातडी धरून ठेवते आणि तीच सगळ्यात लवकर सोलवटते. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडच्या बंद जिममध्ये हे दुप्पट जाणवतं.

तर आता हात उघडा आणि फोड नेमका कुठे आहे ते बघा.

बोटांच्या मधल्या पेरावर किंवा बोटं जिथे तळहाताला जुळतात त्या रेषेच्या जरा वर असेल तर फार काळजी नको. हँडलची जागा तीच. तिथे थोडी जळजळ आणि पुढे पातळ घट्टा येणारच.

बोटांच्या बुडाशी, तळहाताच्या उंचवट्यांवर असेल तर हँडल तळहातात खोल जातंय. मूठ वळली की तिथल्या कातडीची घडी पडते आणि ती घडी हँडल आणि हाडाच्या मधे चिमटली जाते. मशीनवर येणारे बहुतेक फोड इथलेच, आणि वर्णनावरून तुमचेही इथलेच वाटतात.

अंगठ्याच्या आतल्या बाजूला किंवा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात असेल तर तुम्ही अंगठ्याने हँडल आवळताय. करंगळीच्या कडेला असेल तर हात हँडलच्या अगदी टोकावर गेलेत किंवा मनगट बाहेर वळतंय. एकाच हाताला फोड येत असतील तर तुम्ही एका बाजूने जास्त ओढताय. साखळी सरळ रेषेत येते की तिरकी, हे मागे कुणाला तरी उभं करून बघायला सांगा. आणि अनामिकेच्या बुडाशीच असेल तर कृपा करून अंगठी काढून ठेवा. हे सांगावं लागतं, खरंच.

पकड कशी असावी ते. पाण्याने भरलेली बादली उचलताना आपण कडी तळहातात दाबत नाही, बोटांचा आकडा करतो आणि वजन त्याला लटकू देतो. हँडल तसं धरा. चार बोटं वरून आकड्यासारखी, अंगठा खालून नुसता टेकलेला, तळहात आणि हँडल यांच्यात थोडी पोकळी. मनगट सरळ. स्ट्रोकच्या शेवटी हँडल बरगड्यांखाली येतं तेव्हा पुष्कळ जण मनगट वाकवून ते आणखी वर ओढतात. तिथेच हँडल बोटांतून तळहातात गडगडतं आणि परत जाताना पुन्हा बोटांत येतं. तुमचं सरकणं नव्वद टक्के वेळा इथे सापडेल. मोबाइल बाजूला उभा करून शेवटच्या पाच मिनिटांचं शूटिंग करा. पहिल्या पाच मिनिटांचं नको, तेव्हा सगळेच शहाण्यासारखे ओढतात.

आवळण्याची सवय मोडायला एक जुना सराव आहे. हलक्या गतीत, हँडल परत पुढे जात असताना बोटं पेटी वाजवल्यासारखी एकेक हलवायची. बोटं हलत नसतील तर मूठ आवळलेली आहे. दुसरा सराव म्हणजे काही मिनिटं अंगठाही वरच्या बाजूला, बोटांच्या शेजारी ठेवून ओढायचं. जोर लावायचा नाही, आणि हँडल सुटणार नाही एवढं भान ठेवायचं, कारण सुटलं तर साखळी सपकन आत जाते आणि मशीनवाल्याचं तोंड बघावं लागतं.

हात आवळले जाण्याचं आणखी एक कारण हातात नसून पायात असतं. स्ट्रोकच्या सुरुवातीला पायांनी ढकलायच्या ऐवजी कोपर वाकवून हातांनी हिसका दिला की मूठ आपोआप घट्ट होते. व्यायामानंतर मांड्या ताज्या आणि कोपराखालचे हात मात्र भरून आलेले, असं होत असेल तर हेच चाललंय. पाय सरळ होत येईपर्यंत हात दोरीसारखे लांब राहू द्या.

आणि डॅम्पर. पंख्याच्या पिंजऱ्याच्या बाजूला 1 ते 10 आकडे असलेली ती दांडी. जिममध्ये ती कायम 10 वर सापडते, कारण आधीच्या माणसाला ती वजनं वाढवायची खिट्टी वाटलेली असते. ती फक्त पंख्यात हवा किती शिरणार हे ठरवते. 10 वर प्रत्येक स्ट्रोक जड आणि रेंगाळलेला लागतो, हँडलवर ताण जास्त वेळ राहतो, बोटं दमतात आणि हँडल तळहातात उतरतं. 3 ते 5 च्या मधे ठेवा. मशीन कॉन्सेप्ट टू कंपनीचं असेल तर मॉनिटरच्या मेनूत ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंखा प्रत्यक्षात किती जड फिरतोय त्याचा आकडा, दाखवायची सोय आहे. त्यावर 110 ते 130 च्या आसपास आला की पुरे. डॅम्परच्या आकड्यापेक्षा तो आकडा खरा, कारण पिंजऱ्यात धूळ बसलेल्या मशीनचा 5 आणि नव्या मशीनचा 5 सारखा नसतो.

आता ग्लोव्ह्ज. वजनं उचलायचे गादीवाले ग्लोव्ह्ज या कामाला नकोत. हँडल जाड होतं, जाड दांडा धरायला मूठ आणखी आवळावी लागते, आत घाम साचतो आणि ग्लोव्हच्या शिवणीवर नवा फोड येतो. घालायचेच तर पातळ, हाताला चिकटून बसणारे, तळव्याला शिवण नसलेले. सोसायटीच्या मशीनच्या हँडलचं रबर किंवा फोम झिजून आतला धातू लागत असेल तर त्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटची पातळ ग्रिप एकच थर गुंडाळा, कमिटीला विचारून. तुरटी धडधाकट कातडीवर लावलीत तर बिघडत नाही, पण तुमच्या उघड्या जखमेवर ती झोंबण्यापलीकडे काही करणार नाही. पावडरचा घामात लगदा होतो. जिम्नॅस्टवाला चॉक तर नकोच, तो पकड वाढवतो आणि इथे दुखणंच पकडीचं आहे.

हातावर आत्ता जे आहे त्याचं काय करायचं?

लहान, न दुखणारा, न फुटलेला फोड असेल तर हात लावू नका. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली मलमपट्टी. खाली पहिल्या दोन दिवसांतच नवा थर धरायला लागतो आणि साधारण पाच दिवसांत वरची कातडीही तयार होऊ लागते. रक्ताळलेला फोडही तसाच ठेवा. टम्म फुगलेला आणि दाबाच्या जागी असलेला, जो आज ना उद्या हँडलवर फुटणारच, तो मात्र स्वतः नीट रिकामा केलेला बरा. त्यासाठी शिवणाची सुई गॅसवर लाल करून वापरू नका, तिला काजळी धरते. मेडिकलमध्ये इंजेक्शनची सीलबंद सुई काही रुपयांत मिळते. हात साबणाने धुवा, फोडावर स्पिरिट फिरवून वाळू द्या, आणि मधोमध न टोचता कडेला, अगदी बुडाशी, आडवी सुई घालून दोन-तीन भोकं पाडा. गॉजने हलकेच दाबून पाणी काढा. वरची कातडी ओढायची नाही, कापायची नाही, दाताने तर मुळीच कुरतडायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला तर पुन्हा तसंच.

उजव्या हाताचा जो फुटलाय त्याला साबण-पाणी पुरे. लोंबणारा मळका तुकडा असेल तर तेवढाच स्वच्छ कात्रीने काढा, बाकी वरच्या कातडीचं झाकण जागेवर बसवा. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड कच्च्या जागेवर ओतलं तर जखम भरायला उलट वेळ लागतो. पातळ व्हॅसलिन, वर न चिकटणारं गॉज, वर पट्टी. नाहीतर जखमेतलं पाणी शोषून घेणारा हायड्रोकोलॉइडचा चिकट पॅच मिळतो तो लावा आणि सुटेपर्यंत दोन-तीन दिवस तसाच ठेवा. हळद नको, ती कच्च्या मांसात बसते आणि लालसरपणा वाढतोय की नाही हे दिसत नाही.

मधुमेह असेल तर सुईचा भाग वाचलाच नाही असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनीही पू, वाढती सूज, हात गरम लागणं, मनगटाकडे चढणारी लाल रेघ किंवा ताप, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवावेत.

उघड्या जखमेने मशीनवर बसू नका. तीन-चार दिवस सायकल मारा, चाला. दम कुठे जात नाही. झाकण शाबूत असेल तर पट्टी बांधून हलकं करता येतं. पट्टी कापडी घ्या, जिला सगळेच ल्युकोप्लास्ट म्हणतात ती. कागदी पट्टी घामाने दहा मिनिटांत गुंडाळी होऊन हँडलला लागते. चिकट बाजू थेट फोडावर आली तर काढताना झाकणच हातात येईल, म्हणून आधी फोडाएवढा गॉजचा तुकडा. बोट किंचित वाकवून मग गुंडाळायची, सरळ बोटाला गुंडाळली तर मूठ वळताना ती काचते. टोक बोटाच्या पाठीवर संपवा, तळहाताकडे नको. काढताना खोबरेल लावून पाच मिनिटं थांबा. आणि हँडलला रक्त लागलं तर जंतुनाशकाने पुसून उठा, तुमच्यानंतर कुणीतरी बसणार आहे. तसं बसायच्या आधीही ओल्या फडक्याने हँडल पुसून कोरडं करत जा, वाळलेल्या घामाचं मीठ बारीक पॉलिश पेपरचं काम करतं.

घट्ट्यांबद्दल. पातळ, सपाट घट्टा चांगला. उंच कडांचा घट्टा धोक्याचा, कारण कड चिमटली जाते आणि घट्ट्याच्या खाली फोड येतो. तो फोडांतला सगळ्यात वाईट, कारण फोडणंही अवघड. आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, वज्री किंवा नेलफाइलने कडा सपाट करा. पूर्ण खरवडून काढू नका. रात्री झोपताना खोबरेल किंवा क्रीम लावा, व्यायामाआधी नको.

स्पर्धेपर्यंत सलग अर्ध्या तासाऐवजी पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे करा. प्रत्येक तुकड्यानंतर मूठ उघडा, हात पुसा, तळहात बघा. गरम, लाल ठिपका दिसला की त्या दिवसापुरतं उठायचं, तो फोड व्हायच्या आधीचा इशारा असतो. 2000 मीटर तुम्हाला आठ-नऊ मिनिटं घेतील, म्हणजे जेमतेम अडीचशे स्ट्रोक. तेवढं पट्टी बांधलेल्या हातानेही निघतं. शेवटच्या आठवड्यात नवीन ग्लोव्ह्ज, नवीन पट्टी, घट्टे घासणं, असले प्रयोग करू नका. आणि तुमचा नंबर आला की आधी डॅम्पर बघा, आधीचा भिडू तो 10 वर ठेवून गेलेला असेल.