बरी असशील त्या दिवशी सांग

प्रिय बेटा,

परवा मेडिकल हॉस्पिटलच्या रांगेत तू विचारलंस, "मावशी, मला सिकलसेल आहे हे ऑफिसात काहून सांगू? काढून टाकतील ना." तेवढ्यात तुझा नंबर लागला आणि माझं उत्तर राहून गेलं. दोन रात्री तेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहिते.

सांगायचं की नाही हा माझ्या लेखी प्रश्नच नाही. कधी सांगायचं, एवढाच आहे. बरी असशील त्या दिवशी सांग. सलाईन लागलेली असताना फोनवरून नाही. नीट जेवून, झोपून, स्वतःच्या पायांनी साहेबांच्या टेबलापर्यंत चालत जाऊन सांग.

मी नाही सांगितलं. एका पेढीवर ९ वर्षं हिशेब लिहिले. थंडी पडली की सांधे धरायचे. मे महिन्यात ४५ डिग्रीत पाणी कमी पडलं की पुन्हा तेच. दर वेळी नवं कारण द्यायची, कधी टायफॉइड, कधी गावाकडे मयत. मग एका मार्चअखेरीस, वह्या अर्ध्या असताना, मांडीच्या हाडात कळ उठली. तेव्हा रडत सांगितलं की मला सिकलसेल आहे. मालक म्हणाले, "आता हे नवीन." त्यांना तरी काय बोलू? खोटं ऐकायची सवय मीच लावली होती. एप्रिलमध्ये माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली.

तू म्हणशील, बऱ्या दिवशी सांगूनही काढलं तर? काढतीलही. पण तेव्हा दुसरी नोकरी शोधायची ताकद तुझ्या अंगात असेल. माझी गेली तेव्हा महिनाभर मला काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं.

सांगताना लांबण लावू नकोस. एवढंच म्हण: अंगात पाणी कमी पडलं, ताप आला, फार थंडी लागली किंवा फार दमलं की माझ्या रक्तपेशी विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून दुखतं. संसर्गाने होत नाही, जन्मापासून आहे. टेबलावर पाण्याची बाटली हवी, एसीच्या थेट झोतात जागा नको, सलग नाईट शिफ्ट नको. आणि मी नसले तरी माझं काम कुणालाही पुढे नेता येईल असं लिहून ठेवीन. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस, साहेबांना तेच ऐकायचं असतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आपला आजार आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज कर. पण ते पिशवीत दडवून ठेवलंस तर त्याचा काय उपयोग? आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी या आजारावर १९५८ सालीच लिहिलंय, आणि आपण अजून कुजबुजतो. मला राग येतो याचा.

मुलगा बघायला येणार म्हणालीस. तिथेही तेच. पोहे खाऊन होकार येण्याआधी सांग, आणि त्याची रक्ततपासणी माग. त्याचं रक्त साधं असेल तर मुलं फक्त वाहक होतील, म्हणजे दोष रक्तात असेल पण आजारी नाही. तो वाहक असेल तर दर बाळंतपणाला बाळ आजारी असायची निम्मी शक्यता. आपल्या आजाराच्या त्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल चालू असताना बाळाचा विचार केलास तर आधी डॉक्टरांशी बोल, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

आमच्याकडे आई म्हणाली, लग्न झाल्यावर बघू. पाठीवर दोन बहिणी होत्या. मी २२ वर्षांची, आईपुढे तोंड कसं उघडणार? तुला वाटत असेल, मावशी सबब सांगतेय. नाही गं, तेव्हा घरात मुलीला विचारतच नसत. यांची तपासणी झाली तेव्हा मला पाचवा महिना होता. वाहक निघाले. लेकीला वर्ष व्हायच्या आतच तिच्या हातापायांची बोटं सुजली. ते बघून मला कळलं की तिलाही आहे, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. लेक माझा जीव आहे. पण यांना आधी कळायला हवं होतं. एका शब्दानेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला फार जड गेलं.

म्हणून पुन्हा पुन्हा लिहिते, तू कंटाळलीस तरी. बरी असशील त्या दिवशी. या आठवड्यात बरी आहेस ना? मग याच आठवड्यात.

पुढच्या तारखेला मी औषधाच्या खिडकीपाशी असेन. साहेब काय म्हणाले ते तिथे सांग. आणि पाण्याची बाटली घेऊन ये, परवा रिकाम्या हाती आली होतीस.

तुझी,
रांगेतली मावशी