आधी राखाडी चौकोन, रंग नंतर

प्रश्न : मी कोल्हापुरात जी. डी. आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय पेंटिंग. वडील साइनबोर्ड रंगवतात. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम फारच कमी झालंय. मला स्वतःचे छोटे व्हिडिओ गेम करायचे आहेत. पन्हाळ्यावर वीस लेव्हलचा गेम डोक्यात आहे, त्याची काही चित्रं सोबत पाठवतोय. कोडिंग अजिबात येत नाही, लॅपटॉप जुना आहे. एका खासगी संस्थेत गेम डिझाइनचा कोर्स आहे, फी दीड लाख. त्यासाठी डिप्लोमा सोडावा का? वडील म्हणतात, गेम म्हणजे जुगार.

उत्तर : डिप्लोमा सोडू नकोस, आणि दीड लाख आत्ता भरू नकोस. पुढचं सगळं सावकाश वाचलंस तरी चालेल.

तुझी चित्रं मी निवांत पाहिली. तीन दरवाज्याची कमान, अंबरखान्याच्या भिंतीवर पडलेलं तिरपं ऊन, धुक्यात हरवलेली तटबंदी. हात तयार आहे, यात शंका नाही. पण एकाही कागदावर मला हे सापडलं नाही की खेळणारा तिथे करतो काय. उडी मारतो, लपतो, काही उचलतो, कुणाला चुकवतो? चित्रकार गेमकडे वळतो तेव्हा बहुतेक वेळा इथेच अडकतो. तो जागा रंगवतो, आणि खेळ पुढे आपोआप सुचेल असं धरून चालतो. मग ज्या दालनावर पंधरा दिवस घातले ते खेळताना कंटाळवाणं निघालं, तर काढून टाकायला हात धजावत नाही. महिनोन्महिने चित्रं साठत जातात, गेम मात्र होत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की पहिले दोन आठवडे रंगाला हात लावायचा नाही. राखाडी चौकोन आणि गोल घेऊन खेळ उभा करायचा. चौकोनांनी खेळतानाही पुन्हा एक डाव खेळावासा वाटला, तरच ब्रश उचलायचा.

आणि पन्हाळा आत्ता बाजूला ठेव. वीस लेव्हल एकट्यानं करणं हे वर्षांचं काम आहे. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एकट्या माणसानं केला हे खरं, पण त्याला चार वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्याला प्रोग्रामिंग येत होतं. 'सेलेस्ट' हा २०१८ मध्ये आलेला गाजलेला गेम मुळात दोघांनी चार दिवसांत केलेल्या एका इवल्याशा गेममधून वाढला. तू या दुसऱ्या वाटेनं जा.

विषय तुझ्या घरातच आहे. समज, स्क्रीनवर दुकानाचं बंद शटर आहे, त्यावर खडूनं आखलेली चार अक्षरं. खेळणाऱ्यानं माउसनं ब्रश फिरवून ती भरायची. ब्रशमधला रंग संपत जातो, खाली येऊन डब्यात बुडवावा लागतो, आणि वरून पावसाचा ढग सरकत येतो आहे. रंग रेघेबाहेर गेला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. एक स्क्रीन, एक मिनिटाचा डाव, बस्स. यात खेळाची सगळी मजा एका आकड्यावर ठरेल : एकदा बुडवलेला ब्रश किती सेकंद पुरतो? फार पुरला तर घाई वाटणार नाही, फार लवकर संपला तर वैताग येईल. हा आकडा पुन्हा पुन्हा बदलून, खेळून बघणं यालाच गेम डिझाइन म्हणतात. शिवाय वडिलांना विचार, की अक्षर लिहिताना ते शिरोरेषा आधी ओढतात की शेवटी, आणि का. जो क्रम त्यांच्या हाताला सवयीचा आहे तो तुझ्या गेमचा नियम होऊ शकतो. असं ज्ञान दीड लाखाच्या कोर्समध्ये कुणी देणार नाही.

आता साधनं. गोडो नावाचं गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, मोफत आहे, त्यावर केलेल्या गेमच्या कमाईतला एक पैसाही गोडोवाल्यांना द्यावा लागत नाही. ते इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. फाइल उतरवली, उघडली की चालू. तुझ्या जुन्या लॅपटॉपसाठी नवा प्रोजेक्ट करताना 'कम्पॅटिबिलिटी' हा रेंडरर (चित्र स्क्रीनवर उमटवणारा भाग) निवड. त्यांच्याच अधिकृत मार्गदर्शिकेत 'डॉज द क्रीप्स' नावाचा धडा आहे, तो अथपासून इतिपर्यंत स्वतः टाइप करून पुरा कर, कॉपी-पेस्ट नको. शटरच्या गेमला लागणारं कोडिंग म्हणजे एखादी संख्या लक्षात ठेवणं, 'असं झालं तर तसं कर' सांगणं आणि वेळ मोजणं. एवढं तुला नक्की जमेल. आपल्या गावात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. सिनेमा करायचा ठरवल्यावर त्यांनी कॅमेरासुद्धा इथेच घडवला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांसमोर आणला. 'मी चित्रकार, मला यंत्रातलं काय कळणार' हे वाक्य कोल्हापुरात तरी म्हणू नकोस.

दोन आठवड्यांनी रंगाकडे ये, तेही स्वतःवर बंधन घालून. ३२० बाय १८० पिक्सेलचा कॅनव्हास घे. सहापट केला की १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर तो बरोबर बसतो. रंग फक्त चार. प्रत्येक वस्तू आधी नुसत्या काळ्या आकारात काढ. तेवढ्यावरून ब्रश कुठला, डबा कुठला हे ओळखू आलं नाही तर छटा देऊन उपयोग नाही. गोडोमध्ये 'टेक्स्चर फिल्टर' ही चित्र मोठं करतानाची सेटिंग 'निअरेस्ट'वर ठेवायला विसरू नकोस, नाहीतर तुझे नेटके पिक्सेल फिसकटलेले दिसतील आणि चूक चित्रात आहे असं वाटून तू रात्र जागशील. चित्रं काढायला लिब्रेस्प्राइट किंवा क्रिटा हे सॉफ्टवेअर घे, दोन्ही मोफत आहेत.

गेम चालू झाला की कॉलेजच्या कँटीनमध्ये लॅपटॉप मित्रासमोर ठेव आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस. 'अरे, इथे क्लिक कर' असं सांगावंसं वाटेल, ती प्रत्येक जागा वहीत लिही. दुरुस्तीची खरी यादी तीच. मग गेम इच डॉट आयओ या वेबसाइटवर टाक. तिथे टाकायला पैसे लागत नाहीत आणि लोक तो ब्राउझरमध्येच खेळू शकतात. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात एका गेमला १०० डॉलर भरावे लागतात, गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर. पहिल्या गेमसाठी दोन्हीची घाई नको. गेम जॅम म्हणजे ठरावीक मुदतीत गेम पुरा करायचा उपक्रम. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, लुडम डेअर या जॅमच्या 'कॉम्पो' गटात एकट्यानं ४८ तासांत गेम करायचा असतो, तर दुसऱ्या गटात जोडीनंही उतरता येतं. शिवाजी विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणारा एखादा जोडीदार शोध आणि त्याच्याबरोबर एका जॅममध्ये उतर. त्याला चित्रकार सापडत नसतो, तुला प्रोग्रामर.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पहिल्या छोट्या गेमवर घर चालेल असं समजू नकोस. बहुतेक छोटे गेम फार कमावत नाहीत. पण पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत गेम स्टुडिओ आहेत, आणि तिथे गेम आर्टिस्ट म्हणून अर्ज करताना पूर्ण झालेला, खेळता येणारा एक गेम शंभर सुट्या चित्रांपेक्षा जास्त बोलतो. पहाडी चित्रशैलीचा आधार घेतलेला 'राजी' हा २०२० मधला गेम पुण्यातल्या स्टुडिओनं केला, तो बघ. पुढे शिकावंसं वाटलं तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

वडिलांची भीती मला समजते. ज्या माणसानं एका यंत्रामुळे स्वतःचा धंदा बसताना पाहिला, त्यानं मुलाला जपून पाऊल टाक म्हणणं स्वाभाविक आहे, त्यावर चिडू नकोस. त्यांना सांग, की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली आहे, आणि तू जे करतो आहेस त्यात पैसे लावणं कुठेच नाही. पण सांगण्यापेक्षा शटरचा गेम त्यांच्या हातात दे. अक्षराचं वळण चुकलं असेल तर ते पहिल्याच डावात दाखवतील, ते लगेच सुधार.

वर्षभरानं, दोन-तीन गेम पुरे झाल्यावर, तरीही कोर्स करावासा वाटला तर त्या संस्थेत जाऊन त्यांच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम स्वतः खेळून बघ. शिकवणाऱ्या सरांनी कोणत्या गेमवर काम केलं आहे ते विचार. मागच्या बॅचच्या एखाद्या मुलाशी, संस्थेतलं कुणी जवळ नसताना, फोनवर बोल. यातलं काहीही दाखवायला किंवा सांगायला ते टाळाटाळ करू लागले, तर फीचा चेक देऊ नकोस.