रुग्णांशी बोलणाऱ्या रोबोंवर संशोधन करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, रुग्णांशी आणि वृद्धांशी बोलणाऱ्या रोबोंवर संशोधन करायचं आहे. तर काय शिकावं, कुठे अर्ज करावा, आणि सरावासाठी रोबो विकत घ्यावा का?

शेवटचं आधी सांगतो: घेऊ नका. या यंत्रांचा भरवसा नसतो. जिबो हा घरगुती रोबो बाजारात आला आणि काही वर्षांत त्याची कंपनी गुंडाळली गेली. सॉफ्टबँक या जपानी कंपनीने पेपर या माणसासारख्या रोबोचं उत्पादन २०२० मध्ये थांबवलं. लहान मुलांसाठीचा मॉक्सी क्लाउडवर चालायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी बंद होत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो मुका होण्याची वेळ आली. त्यामुळे कुठल्याही यंत्रात उपयोगी पडेल असं कौशल्य धरा. माझ्या मते ते म्हणजे ऐकणं. चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेलं आल्यापासून रोबोला बोलतं करणं सोपं झालंय; थकलेल्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाचं पुरतं ऐकून घेणं अजून सुटलेलं नाही.

का ते पाहा. दोन माणसांच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. यंत्र मात्र शांततेची वाट बघतं: ५०० ते ८०० मिलिसेकंद आवाज आला नाही की बोलणं संपलं असं धरतं. पार्किन्सन्स असलेल्या किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्या व्यक्तीचा वाक्यातला विराम सहज सेकंदाच्या वर जातो. मराठीत याचा फटका जास्त, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘सकाळची गोळी घेतली... नाही’ यातल्या विरामावर यंत्राने वाक्य तोडलं, तर नोंद होते ‘गोळी घेतली’. गळला एकच शब्द, पण अर्थ उलटा झाला. शांततेची मर्यादा दोन सेकंदांवर नेली तर रुग्णाला वाटतं ऐकूच गेलं नाही. तो पुन्हा बोलू लागतो आणि नेमका तेव्हाच रोबोही. म्हणून शांतता मोजण्याऐवजी शेवट ओळखावा लागतो: स्वर खाली आला का, क्रियापद येऊन गेलं का, ‘पण’, ‘आणि’ लटकत राहिलंय का. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात गॅब्रिएल स्कांत्से यांचा गट याच, म्हणजे आता बोलायची पाळी कुणाची हे ओळखण्याच्या, प्रश्नावर काम करतो. मराठीत यावर काम करायला भरपूर वाव आहे, आणि पीएचडीचा विषय म्हणून तो पुरेसा खोल आहे.

बाकीच्या अडचणीही ऐकण्याच्याच. रोबोचा स्वतःचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये जातो, म्हणून प्रतिध्वनी काढून टाकणारा टप्पा हवाच. रुग्णाचं ‘हं, हं’ हे फक्त दाद देणं असतं, पण यंत्र त्याला उत्तर समजून गप्प होतं. बोलणं लिहून काढणारं व्हिस्परसारखं मॉडेल शांततेत कुणी न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. २०२४ च्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का नोंदींत असा मजकूर सापडला, आणि वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलण्यात येणारी अडचण) झालेल्या लोकांच्या बोलण्यात त्याचं प्रमाण जास्त होतं. औषधांच्या बाबतीत हे अजिबात चालणार नाही. शिवाय खोलीत नातेवाईक असतात. प्रश्न आजोबांना, उत्तर सुनेचं. युरोपीय संघाच्या स्प्रिंग प्रकल्पात पॅरिसच्या ब्रोका रुग्णालयात आरी हा रोबो घेऊन नेमका हाच, म्हणजे एकाहून अधिक माणसांशी बोलण्याचा, प्रश्न हाताळला गेला. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात तर त्यावाचून गत्यंतर नाही.

घरी काय बांधाल? लॅपटॉप, चार मायक्रोफोनचा यूएसबी संच आणि स्पीकर पुरे. ध्वनी १६ किलोहर्ट्झ, मोनो. कुणी बोलतंय का हे ओळखायला सिलेरो हे मॉडेल, मराठी बोलणं लिहून काढायला आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाची खुली मॉडेलं. त्यावर पाच प्रश्नांचा ठरीव संवाद: झोप, जेवण, गोळ्या, दुखणं, चालणं. प्रत्येक महत्त्वाचं उत्तर रोबोने उलट म्हणून दाखवावं: ‘गोळी घेतली नाही, बरोबर?’ भाषा-मॉडेल जोडलंत तरी डोस त्याला सांगू देऊ नका. छातीत दुखणं किंवा जीव द्यावासा वाटणं असं काही कानावर आलं की लिहिलेल्या नियमाने थेट माणसाकडे सोपवा. मायक्रोफोन दीड मीटरवर ठेवा, छताचा पंखा चालू ठेवा, आणि साठीपुढच्या दहा निरोगी ओळखीच्यांकडून लेखी संमती घेऊन चाचणी करा. केवळ शब्दचुकांची टक्केवारी काढून थांबू नका. किती वाक्यं मध्येच तुटली, किती ‘नाही’ गळले, किती आकडे आणि औषधांची नावं चुकली, प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, हे वेगवेगळं मोजा.

रुग्णांपर्यंत मात्र परस्पर जाऊ नका. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि एआयसाठीची २०२३ ची तत्त्वं वाचा. नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या आधी लागते. नंतर मागून मिळत नाही. उपचाराचा परिणाम तपासणारी चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. आवाजावरून माणूस ओळखता येतो, म्हणून ध्वनिमुद्रण कुठे राहील, कोण ऐकेल, कधी पुसलं जाईल हे अर्जातच लिहा. समितीच्या हरकतींत काही महिने सहज जातात. वेळापत्रकात ते आधीच धरा.

भारतात बोलीतंत्रज्ञानासाठी आयआयएससी बंगळुरू, आयआयटी मद्रास आणि आयआयआयटी हैदराबाद बघा; माणूस आणि रोबो यांच्या व्यवहारासाठी केरळमध्ये अमृता विद्यापीठाची अम्माची लॅब्ज. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. परदेशात केटीएच आणि एडिनबरोचं हेरियट-वॉट विद्यापीठ. स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते आणि जागेची रीतसर जाहिरात निघते. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि निधी यांची वेगवेगळी चौकशी करा. वाचन सिगडायल, इंटरस्पीच आणि एचआरआय या परिषदांच्या निबंधांपासून सुरू करा.

मार्गदर्शकाला पत्र पाठवताना गुणपत्रिकेच्या आधी वरच्या चाचणीतला एक आकडा लिहा: तुमच्या यंत्राने किती ‘नाही’ गाळले, ते का, आणि विरामाची मर्यादा बदलल्यावर काय झालं. सोबत दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण जोडा, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांची त्यासाठीची परवानगी आधी घ्या.