नेदरलँड्ससारखा एवढासा देश १७व्या शतकात समुद्रावर इतका बलाढ्य कसा झाला? मसाल्यांमुळे का?

मसाल्यांनी नाव आणि पैसा दिला, पण डचांचा पाया त्याआधीच रचला गेला होता, हेरिंग मासे आणि धान्यावर. बाल्टिक समुद्राकाठच्या देशांकडे मीठ आणि खारवलेलं हेरिंग न्यायचं, तिकडून राय हे धान्य, गहू, लाकूड आणायचं. दिसायला साधी वाहतूक, पण यातच त्यांचे खलाशी आणि गोद्या तयार झाल्या.

माझ्या मते खरी करामत आहे ती 'फ्लाउट' या जहाजाची. १५९५च्या सुमारास होर्न बंदरात ते बांधायला सुरुवात झाली. पोट फुगीर, डेक अरुंद, तोफा जेमतेम आणि शिडं ओढायला कप्प्या. त्यामुळे खलाशी कमी लागत आणि भाडं स्वस्त पडे. फळ्या पवनचक्क्यांवर कापल्या जात. जहाजाचे सोळा, बत्तीस, अगदी चौसष्ट हिस्से करून विकत, म्हणजे जहाज बुडालं तरी मालक बुडत नसे. १६०२मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची भांडवलाची वही डिर्क फान ओस या संचालकाच्या घरी उघडली, तेव्हा त्याच्या मोलकरणीनेही १०० गिल्डर गुंतवले!

राजकारणही याला पूरक होतं. १५८१मध्ये डचांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला राजा मानायचं सोडलं. १५८५मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडल्यावर तिथले व्यापारी पैशासकट अ‍ॅमस्टरडॅमला आले. सात प्रांतांच्या या प्रजासत्ताकात शहरांचा कारभार व्यापारी घराण्यांकडेच होता, त्यामुळे आरमाराला पैसा मिळे. १६६७मध्ये डच नौसेनापती डी राउटरच्या आरमाराने इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरून 'रॉयल चार्ल्स' हे नौदलाचं मानाचं जहाज ओढून नेलं.

पण या वैभवाबद्दल बोलताना आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं विसरता कामा नयेत. जायफळाच्या मक्तेदारीसाठी १६२१मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून याने तिथली वस्ती जवळजवळ संपवली. बहुतेकांना ठार केलं, गुलाम केलं किंवा हुसकावून लावलं. आपल्या वेंगुर्ल्यातही त्यांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना तिचा त्यांना आधार होता.

उतरती कळा लागली ती जमिनीवरच्या युद्धांनी. १६७२मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड एकाच वेळी उलटले, फ्रेंच सैन्य देशात घुसलं आणि हेग शहरात जमावाने प्रजासत्ताकाचा प्रमुख नेता योहान डी विट याला ठार केलं. त्यातून देश वाचला, पण त्यापुढे फ्रान्सविरुद्धच्या युद्धांनी तिजोरी पोखरली. १७८०–८४च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात जहाजं आणि व्यापार दोन्ही गेले, आणि १७९९मध्ये कर्जात बुडालेली कंपनी गुंडाळावी लागली.