विहीणबाई जेवायला येणार, आणि टेबलावर हॅम

प्रश्न : आम्ही टेक्ससला असतो. सून कँटनीज घरातली आहे, तिचे आईवडील हाँगकाँगहून अमेरिकेत आले. यंदा नाताळचं जेवण आमच्याकडे आहे. सून म्हणते, हॅम करू आणि त्याला ‘चार सिऊ’ या कँटनीज भाजलेल्या पोर्कसारखं ग्लेझ, म्हणजे गोडसर चकचकीत लेप, लावू. मी चिकन-मटण आयुष्यभर केलं, पण डुकराचं कधी शिजवलं नाही. त्यात सासूबाई पुण्याहून आल्यात, त्या पूर्ण शाकाहारी. कसं जमवू?

उत्तर : ताई, आधी धास्ती सोडा. अमेरिकेत नाताळात दुकानात मिळणारा बहुतेक हॅम खारवलेला, धुरावलेला आणि पूर्ण शिजवलेलाच असतो. डुकराची मागची तंगडी मिठाच्या पाण्यात मुरवतात, त्यात नायट्राइट हा मांस टिकवणारा क्षार असतो, म्हणून तो शिजल्यावरही गुलाबी दिसतो. ‘आतून कच्चं राहिलं की काय’ म्हणून पुन्हा तासभर भाजत बसू नका. तुमचं काम दोनच गोष्टींचं, गरम करणं आणि वरून चकाकी आणणं.

म्हणूनच मटणाच्या सवयी इथे आड येतात. रात्रभर मुरवत ठेवायचं नाही, आलं-लसूण-मीठ चोळायचं नाही, आणि कुकर तर काढायचाच नाही. मीठ आधीच आतपर्यंत गेलेलं आहे, ते बाहेर काढता येत नाही. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांच्या ताटात दोनच पातळ काप वाढा.

विकत घेताना लेबल नीट वाचा. ‘फुली कुक्ड’ असेल तर वर सांगितलं तसं. ‘कुक बिफोर ईटिंग’ किंवा ‘फ्रेश हॅम’ असेल तर तो शिजवावाच लागतो, आतलं तापमान १४५ अंश फॅरनहाइटपर्यंत नेऊन वर तीन मिनिटं थांबायचं. ‘वॉटर अ‍ॅडेड’ लिहिलेला शक्यतो टाळा, तुम्ही पाण्याचे पैसे देता. ब्रिटनमधल्या वाचकांनी लक्षात ठेवावं, तिथे गॅमन म्हणून मिळतो तो खारवलेला पण कच्चा असतो. ऑस्ट्रेलियात मात्र शिजवलेलाच मिळतो आणि डिसेंबरच्या उन्हाळ्यात पुष्कळ घरी थंडच खातात. तुम्ही हाडासकट, न कापलेला, सातेक पौंडांचा अर्धा हॅम घ्या. बारा-चौदा माणसांना पुरतो. गोलगोल कापून ठेवलेला स्पायरल हॅम वाढायला सोपा, पण लवकर कोरडा पडतो.

आता चार सिऊ. कँटनीज दुकानांच्या काचेमागे भाजलेल्या बदकांशेजारी लाल, चकचकीत पट्ट्या टांगलेल्या असतात ना, तेच. ते कच्च्या पोर्कला मसाला लावून, मुरवून, भाजून करतात. तुमचा हॅम तसा होणार नाही, त्यामुळे विहीणबाईंसमोर ‘मी चार सिऊ केलंय’ असं म्हणू नका. त्याला हॅमच म्हणा. फक्त वरची चव त्यांच्याकडची आहे.

ग्लेझसाठी अर्धा कप होइसिन सॉस (सोयाबीनचा घट्ट, गोडसर चिनी सॉस), पाव कप मध, दोन मोठे चमचे शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), एक मोठा चमचा राइस व्हिनेगर, किसलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि एक छोटा चमचा फाइव्ह स्पाइस पावडर. मंद आचेवर पाचेक मिनिटं, चमच्याला लेप धरेपर्यंत आटवा. सोया सॉस घालायचा मोह होईल, आवरा. होइसिन खारट असतोच. लाल रंगासाठी चमचाभर बिटाचा रस पुरतो. होइसिनमध्ये सोयाबीन असतं आणि बहुधा गहूही, तेव्हा पाहुण्यांत कुणाला अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारा.

फाइव्ह स्पाइस घरी करणार असाल तर चक्रीफूल, बडीशेप, लवंग, दालचिनी तुमच्या डब्यात आहेतच. पाचवी सिचुआन मिरी, आणि ती आपल्या बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाची चुलत बहीण. तिरफळासारखंच तिचंही आतलं काळं बी टाकून द्यायचं, टरफल तेवढं भाजून कुटायचं. माहेरचं कुणी कोकणातून येत असेल तर मूठभर तिरफळं मागवा. चव अगदी तीच नाही, पण काम भागतं.

ओव्हन ३२५ अंशांवर ठेवा. हॅमच्या चरबीवर सुरीने चौकटी पाडा, ट्रेमध्ये कपभर पाणी घाला, फॉइलने घट्ट झाका. असा अर्धा हॅम पौंडाला १८ ते २४ मिनिटं घेतो, म्हणजे सात पौंडांना दोन ते पावणेतीन तास. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विसंबा, टोक हाडाला टेकू देऊ नका. आत १२५ झालं की फॉइल काढा, ओव्हन ४०० करा आणि आत्ता, त्याआधी नाही, ग्लेझ लावा. साखर-मध लवकर करपतो. दहा मिनिटांनी दुसरा हात. आतलं तापमान १४० झालं की बाहेर काढा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका.

सासूबाईंचं. त्यांना आधीच सांगा की घरात काय शिजणार आहे. टेबलावर कळण्यापेक्षा ते बरं. आणि त्यांना नेमकं काय खटकतं ते विचारा : वास, भांडी की शेजारी बसून जेवणं? प्रत्येकाची तोड वेगळी असते. थोडं ग्लेझ हॅमला ब्रश लागायच्या आत वेगळ्या वाटीत काढा, वाइन नको असेल तर त्यांच्यासाठी वेगळं उकळा. घट्ट टोफू किंवा पनीरचे जाड तुकडे वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या ब्रशने, हॅम बाहेर आल्यावरच ओव्हनमध्ये घाला. सॉसच्या बाटलीवरचे घटक वाचा, ऑयस्टर सॉस (तो कालवांपासून करतात) चुकूनही वापरू नका. ‘मराठी घरात डुकराचं कसं’ असं कुणी म्हणालंच, तर वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत नाताळला काय शिजतं ते सांगा. पण वाद घालायला नको, सणाचा दिवस आहे.

सोबत साधा भात, लसणावर परतलेली हिरवी भाजी आणि आपलं आमसुलाचं सार. ग्लेझ गोड, हॅम खारट, वर चरबी. आंबट सार या तिघांनाही ताळ्यावर आणतं. काकडीची कोशिंबीर केलीत तर दाण्याचं कूट घालण्याआधी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचंही विचारून घ्या. ग्लेझचा दुसरा हात विहीणबाईंना लावू द्या. पाहुण्यांना कामाला लावायचं नाही ही आपली रीत खरी, पण भाषा अडते तिथे ओव्हनपाशी दोघी उभ्या राहिलात की बोलणं आपोआप सुरू होतं.

जेवणं झाल्यावर हॅम दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या, काप तीन-चार दिवसांत संपवा. बारीक तुकडे करून फ्राइड राइसमध्ये घातले तर मुलं उरू देणार नाहीत. हाड टाकू नका, मसुराच्या डाळीत तासभर उकळा. फक्त त्या डाळीत मीठ शेवटी, चाखूनच घाला.