भुट्ट्याचा कीस चिकट का होतो?

प्रश्न : घरी भुट्ट्याचा कीस केला की त्याचा गोळाच होतो. इथल्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तसा मऊ, मोकळा कसा होईल?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : बहुतेकदा दोष मिक्सरचा असतो. दाण्यांची पेस्ट झाली की कीस चिकटतो. 4 कोवळी कणसं किसणीवरच किसा. नख रुतवलं की दाण्यातून पांढरं दूध यायला हवं. जाड बुडाच्या कढईत 3 चमचे तुपात मोहरी, जिरं, हिंग, मिरचीची फोडणी करून कीस मंद आचेवर 10 मिनिटं परता. कच्चा वास जाऊन कडेनं तूप दिसू लागलं, की मगच 1 कप गरम दूध, तेही थोडं थोडं. इथे घाई नकोच! मीठ, चिमूटभर साखर शेवटी. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, नाहीतर दूध फाटतं.