ऐलमा पैलमा आणि पारव्याचे डोळे

प्रश्न आलाय तो असा: भोंडल्याच्या ‘ऐलमा पैलमा गणेश देवा’ या गाण्याला काही अर्थ आहे, की नुसती यमकं? आणि ऐलमा म्हणजे यल्लम्मा का?

आधी एक सांगतो. भोंडल्याला ‘मराठी गरबा’ म्हणू नका हो. दर नवरात्रात हे कानावर येतं आणि डोकं फिरतं. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा, पोरींनी त्याभोवती फेर धरायचा, शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायला लावायची. हा वेगळा खेळ आहे. दिवस तेच आले म्हणून सण एक होत नाहीत.

ऐल म्हणजे अलीकडचं, पैल म्हणजे पलीकडचं. ऐलतीर, पैलतीर. यल्लम्मा म्हणणाऱ्यांनी मग पैलम्माचं देऊळही दाखवावं. ‘मा’ फेरातल्या पावलासाठी आलाय, असं माझं मत.

खरी मौज पुढे आहे. खेळ वेशीच्या दारी मांडला, की ‘पारवं घुमतंय बुरजावरी’. कुणी ‘पारावरी’ म्हणतं, तेही चालेल. पण ‘पारिजात घुमतोय’ म्हणणाऱ्या बायका मी कानांनी ऐकल्यात! झाड कसं घुमेल? पारवं म्हणजे पारवा, रानातलं, गढीतलं कबूतर. संस्कृत पारावत, प्राकृतात झिजत पारवा. गुजरातीत पारेवुं, हिंदीत परेवा. आजीच्या पारव्या रंगाच्या लुगड्यातला पारवाही हाच.

आणि मग येतं ‘पारवळ बाळांचे गुंजावाणी डोळे’. काही जण ‘गुंजवणी’ वाचून राजगडाखालची नदी आणतात, काही ‘वाणी’ म्हणजे बोलणं धरून गुंजारव काढतात. डोळ्यांना वाणी कशी असेल? ‘वाणी’ म्हणजे सारखं, खेड्यात आजही ‘माझ्यावानी’ म्हणतात तसं. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. हा ‘वाणी’ वाणातून आला, आणि वाण म्हणजे वर्ण, रंग. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला वाण तोच. तेव्हा गुंजावाणी म्हणजे गुंजेच्या रंगाचे. ‘वाणी’ हा निव्वळ प्रत्यय मानून पुढे सरकणारे कोशकार इथे घाई करतात.

विश्वास बसत नसेल तर सोनाराकडची जुनी गुंज हातात घ्या. लालभडक दाणा, टोकाला काळा ठिपका. मग खिडकीत बसलेल्या पारव्याचा डोळा जवळून बघा. तांबडं बुबुळ, मधोमध काळी बाहुली. ज्या बाईनं ही ओळ पहिल्यांदा म्हटली, तिनं पारवा हातभर अंतरावरून पाहिला होता.